आमच्या शाळेचं होहोकम गाव

स्टाफरूमच्या कपाटात जुने पेपर साठतात, तसे आमच्याकडे किस्से साठतात. पेपर निदान दिवाळीला रद्दीत जातात. किस्से कोण नेणार? उलट दर मधल्या सुट्टीत एखादा वाढतोच! पण इंदापूरच्या त्या एका प्रदर्शनाने जेवढे दिले, तेवढे मला माझ्या अख्ख्या नोकरीत मिळाले नव्हते.

आमची शाळा भिगवणच्या अलीकडची. प्रदर्शनात शिक्षक-पालकांनी मिळून एक प्राचीन गाव उभं करायचं होतं. चित्रकलेचे कांबळे सर त्याच वर्षी रिटायर होणार होते. सरांनी उभा जन्म प्रदर्शनं सजवली, पण हाती कायम 'उत्तेजनार्थ'. मला म्हणाले, "मॅडम, जाता जाता एकदा तरी पहिला नंबर बघू द्या." मी इतिहास शिकवते. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

*

बाकी सगळ्या शाळा सिंधू संस्कृती करणार, हे ठरलेलं. म्हणून मी होहोकम सुचवले. फार पूर्वी अमेरिकेतल्या वाळवंटात राहिलेली ही माणसं.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "होहोकम? हे खोकल्याचं औषध वाटतंय!"

मी समजावलं. नदीवरून मैलोन् मैल पाट काढले, मका पिकवला, कापूस पिकवून कापड विणलं. पालकांमधले गोरखतात्या मागे बसून ऐकत होते. ते ताडकन उठले. "वाळवंटात पाट काढून शेती? आवो मॅडम, मग ती आपलीच पाव्हणी म्हणा की!"

विषय जागेवर मंजूर!

*

गावातली माणसं आम्हीच होणार, त्यामुळे कपड्यांवरून मात्र महाभारत झालं. होहोकम पुरुष कमरेला नुसतं सुती कापड गुंडाळायचे. खेळाचे गायकवाड सर म्हणाले, "मी उद्या ग्राउंडवर शिट्टी वाजवली, तर पोरं ऐकतील का माझं?" शेवटी तात्यांनी आपलं धोतर आखूड नेसून प्रश्न मिटवला.

बायकांसाठी जाडंभरडं पांढरं कापड आणलं. मोठ्या बाईंनी आपला तुकडा घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला पिको-फॉल करून आणला!

कांबळे सरांनी कपाळाला हात लावला. "बाई, त्यांच्याकडं सुई हाडाची होती. पिको मशीन कुठलं?"

"सर, सुटे धागे लोंबणारं कापड मी अंगाला लावत नाही. गाव प्राचीन असेल, मी नाही!"

*

होहोकम शिंपल्यांवर नक्षी कोरायचे. हवी ती नक्षी झाकायची, उघडा भाग निवडुंगाच्या आंबवलेल्या रसात झिजवायचा. कांबळे सरांनी भिगवणच्या मासेवाल्यांकडून शिंपले आणले, त्यावर मेणाने बेडूक काढला आणि निवडुंग आंबवला. स्टाफरूममध्ये बसवेना असा वास सुटला, शिंपल्यावर मात्र ओरखडा नाही!

वैतागून सरांनी मोठ्या बाईंच्या डब्यातला लिंबाच्या लोणच्याचा खार एका शिंपल्यावर ओतला. दोन दिवसांनी मेण काढलं, तर बेडूक झक्क वर आलेला!

सगळे नाचायला लागले. सर एकटेच गंभीर. "बाई, शिंपल्याची ही गत, तर इतकी वर्षं तुमचं लोणचं खाऊन आमच्या आतड्यांचं काय झालं असेल?"

*

ही माणसं चेंडूही खेळायची, मातीचे बांध घातलेल्या लांबट मैदानावर. ते काम गायकवाड सरांकडे दिलं. त्यांनी मैदान देखणं केलं आणि आत फक्कीने कबड्डीची बोनस लाईनसुद्धा आखली! मी ओरडले, तर म्हणतात, "चेंडू पलीकडं हरवला, तर तोवर त्यांनी काय बसून राहायचं व्हय?"

*

आता प्रदर्शनाचा दिवस. आमचं गाव खरंच फक्कड झालं होतं. अर्धी जमिनीत असलेली घरं, मधे सामाईक अंगण, लालभडक नक्षीची गाडगी आणि कांबळे सरांचा जीव की प्राण असलेला पाट. त्याच्या कडेने खऱ्या मक्याच्या कोंबांची वावरं. शेवटच्या वावरात दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, खोरं घेऊन गोरखतात्या उभे. त्यांची खरी जमीनही कालव्याच्या टेललाच, म्हणजे पाणी पोचायच्या आत संपतं त्या शेवटच्या टोकाला.

परीक्षक कोण, तर कालव्यावर साहेब म्हणून जन्म घालवून रिटायर झालेले गृहस्थ! सरांनी ऐटीत वरून पाणी सोडलं. पहिलं वावर भिजलं, दुसरं भिजलं आणि पाणी मधेच थांबलं. टेल कोरडी! सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

साहेब बाह्या सारून उकिडवे बसले, पाटात साचलेला गाळ बोटांनी काढला. पाणी खळाळत तात्यांच्या पायाशी गेलं.

तात्या पाण्याकडे बघतच राहिले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "सायेब, आमच्या टेलला पाणी यायला तुमाला रिटायर व्हावं लागलं व्हय!"

मोठ्या बाईंनी डोळेच मिटले. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "गेला नंबर." साहेब चिखलाचे हात तसेच घेऊन उठले आणि पुढच्या शाळेकडे निघून गेले.

संध्याकाळी निकाल. उत्तेजनार्थ झाला, तिसरा झाला, दुसरा झाला. आमचं नाव कशातच नाही. सरांनी पिशवी उचलली. आणि माईकवर पुकारा झाला, "पहिला क्रमांक, होहोकम गाव!"

आम्ही जे ओरडलो! गायकवाड सरांनी शिट्टी फुंकली, मोठ्या बाई पिको केलेल्या कापडात उड्या मारत होत्या. कांबळे सर स्टेजवर गेले. ढाल छातीशी धरली आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले, लाज कसली?

टाळ्या थांबेनात. साहेबांनी माईक हातात घेतला, गर्दीत नजर फिरवली आणि विचारलं, "तात्या, पोचलं का पाणी?"

मागून आखूड धोतरातले तात्या गरजले, "पोचलं सायेब! आता तुमी बसा निवांत, दारं आमी धरतो!"