कासूला उतरलेला हाफबॅक

माझ्या थोरल्या मेहुण्यांनी हॉकीवर जेवढं प्रेम केलं तेवढं पेणपासून रोह्यापर्यंत कुणी केलं नसेल, आणि हॉकीने एवढं झिडकारलंही कुणाला नसेल. त्या झिडकारण्यात एकदा मीही भर घातली, हे आधीच सांगून टाकतो.

भाताची कापणी झाली की वाल न पेरलेल्या एखाद्या खाचरात आमचा खेळ सुरू होतो. आम्ही बहुतेक डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला. शिफ्ट सुटली की स्टिका घेऊन शेतात. रोह्याजवळ वरसेला राहणारे, कंपनीत क्रेन चालवणारे मेहुणे आमचे हाफबॅक. चेंडू जवळ आला की ते आधी बाजूला होऊन त्याला वाट देतात आणि मग त्याच्यामागे धावतात. विचारलं तर म्हणतात, "पाहुण्याला दारात अडवायचा काय?" एकदा त्यांनी जिवाच्या आकांताने फटका मारला, तर चेंडू जागेवरच राहिला आणि मातीचं ढेकूळ गोलाकडे गेलं. गोलकीपरने ते अडवलं. मेहुणे अजून म्हणतात, "दिशा बरोबर होती ना?"

हरलेल्यांनी जिंकलेल्यांना पोपटी खिलवायची, असा आमचा रिवाज. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आम्ही कायम हरत असल्यामुळे मेहुण्यांचा हात त्या कामावर असा बसला, की समोरचा संघ सामना ठरवताना आधी विचारतो, "तुमचे ते दादा येणार हायत ना?" मेहुण्यांना वाटतं, आपल्या खेळाचा धाक आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घरामागच्याच शेतात सामना ठरला. कप्तान मी. एकदा तरी जिंकावं असं मनात आलं आणि मी त्यांना फोनवर सांगितलं, सामना पेणच्या वाटेवर कासूला आहे. ते सकाळच्या गाडीने कासूला गेले. इकडे सामना सुरू झाला तेव्हा माझा फोन पिशवीत वाजत होता. कुणाचा ते मला ठाऊक होतं. आरडाओरडा ऐकून घरातून मेहुण्यांची बायको, आमच्या वहिनी, मुलीला घेऊन बघायला आल्या. "भावजी, तुम्ही सगळे इथे, मग हे कासूला कशाला गेले?"

"मी तर इथलंच सांगितलं होतं, वहिनी," मी म्हणालो. "त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल."

आम्ही जिंकलो. मेहुणे संध्याकाळी परतले तेव्हा वहिनींनी त्यांना फैलावर घेतलं. "घरामागचा सामना सोडून कासूला? डोकं ठिकाणावर हाय ना?" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माझंच चुकलं, भावजी. ऐन वेळेला संघाला तोंडघशी पाडलं मी." मग जिंकल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मला मिठीच मारली.

तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून माघारी येतात. सामन्याच्या दिवशी सकाळी मला फोन येतो, "भावजी, जागा परत सांगा. माझ्या डोक्याचा भरवसा नाय." मी जागा सांगतो आणि दिवसभर मला अन्न गोड लागत नाही.

परवा त्यांच्या ओटीवर चहा पीत होतो. ते सहज म्हणाले, "कंपनीत क्रेन सोडतो म्हणतोय. झाडलोट मागून घेईन. विसराळू माणसाने लोकांच्या डोक्यावर लोखंड उचलू नये."

मी कप खाली ठेवला आणि वहिनींना हाक मारून बाहेर बोलावलं. "वहिनी, तुम्हीपण ऐका. दादा, तुम्ही काही विसरला नव्हतात. कासू मीच सांगितलं होतं, मुद्दाम. तुम्ही नसलात तर जिंकू असं वाटलं मला."

वहिनी दाराला धरून उभ्या राहिल्या. मेहुण्यांनीही कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे डोकं ठीक हाय माझं?"

"एकदम ठीक आहे."

"क्रेन सोडायला नको?"

"नको."

त्यांनी मोठा श्वास घेतला. मग जरा भीत भीतच म्हणाले, "आणि माझा खेळ?"

आता पुन्हा खोटं बोलवेना. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, "दादा, मला माफ करा."