हिरवा ठिपका

आळेफाट्याच्या एका हॉटेलात तो गल्ल्यावर बसतो. बस बदलताना मी रोज तिथं चहा घेतो, तरी त्याचं नाव मला ठाऊक नाही. समोरच्या टॅबवर त्याने एखादा पदार्थ बदलला, की तो भिंतीवरच्या पडद्यावर, टेबलावरचा कोड स्कॅन करून उघडणाऱ्या मेनूत आणि घरपोच जेवणाच्या ॲपांवर आपोआप बदलतो. त्याचा यावर विश्वास नाही. तो उठून प्रत्येक ठिकाणी बघून येतो आणि स्वतःशीच पुटपुटतो, "बदललं का? बदललं."

"लई सोपं झालंय, भाऊ," तो एकदा म्हणाला. "पर आता चुकलं, तर सगळीकडं एकदम चुकतं."

परवा मासवडीपुढे लाल ठिपका दिसला. बेसनाच्या वडीला कुणीतरी नुसत्या नावावरून मांसाहारी ठरवलं होतं. त्याने हसत ठिपका हिरवा केला. थोड्या वेळाने तुळशीची माळ घातलेले एक आजोबा मोबाइलमध्ये बघून मागवलेला अळणी रस्सा तोंडाला लावणार, तोच हा गल्ल्यावरून धावला आणि वाफाळत्या वाटीवर पंजाच ठेवला.

"बाबा, थांबा! मटणाचा हाय त्यो!"

मासवडीबरोबर मांसाहाराची ती अख्खी यादीच हिरवी झाली होती.

आजोबांनी हात जोडले. मी म्हणालो, "वाचवलंस, राव."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. भाजलेला पंजा तसाच धरून तो रस्त्याकडे बघत होता.

"दोन पार्सलं गेली, भाऊ," तो म्हणाला. "हिरव्या ठिपक्याची."