पाण्यावर गेलेल्या माणसाला ‘तर’ लावत नाहीत

त्या दिवशी बाबा नवेगावच्या तळ्यावर जाळं काढायला गेले आणि परतले नाहीत. दुपारी वारा सुटला तेव्हा मी मोबाइलवर स्पॅनिशचा पाठ करत होते. ‘क्वांदो’ म्हणजे जेव्हा, ‘सी’ म्हणजे जर; गोष्ट घडायची बाकी असेल, तर ‘क्वांदो’नंतर क्रियापदाचं रूप बदलतं. तळ्याकडे बघत मी पुटपुटले, “बाबा आले तर जेवू.” आईने चुलीपुढून मान वळवली. “तर काऊन म्हणून राहिली? पाण्यावर गेलेल्या माणसाले तर नाही लावत, बाई. आल्यावर म्हण.” मी लगेच ‘आल्यावर’ म्हटलं, मग स्पॅनिशमध्येही पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. संध्याकाळी बाबांचा रिकामा डोंगा काठाला लागला. त्या शब्दावरून आई मला कधीच बोलली नाही. आता घरी आम्ही दोघीच आहोत.