ताईचा घास

गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक तक्ता भरायला दिला होता. ओळखीतलं एक मूल निवडायचं आणि ते काय खातं, किती खेळतं, किती झोपतं हे आठवडाभर लिहायचं. मी माझी दहा वर्षांची बहीण निवडली. तिच्याबद्दल मला सगळं माहीत आहे, असं मला वाटत होतं.

जयपूरच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये तेव्हा आम्ही तिघीच होतो. वडील फौजेत, सीमेवर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझा अभ्यास म्हणजे सगळ्या घराचा अभ्यास. आईने तो तक्ता आधी देवापुढे ठेवला आणि मग मला दिला.

बहीण मात्र रुसली. शाळेत तपासणीच्या दिवशी तिचं वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचलं होतं. तेव्हापासून ती डबा अर्धा परत आणायची आणि घरी आल्यावर भुकेने बिस्किटांचा पुडा संपवायची.

"यात माझं वजन लिहिणार?"

"लिहावं लागतं गं. पण नाव नाही लिहायचं."

"मतलब तुझ्या कॉलेजमध्येपण हसणार. नाव नसलं तरी ती मीच ना?"

या कागदापायी ती उरलेला अर्धा डबाही सोडेल, अशी भीती वाटली. म्हणून वजनाचा रकाना रिकामा ठेवला आणि आई सांगेल तेवढं लिहीत गेले.

एरवी मी लायब्ररीतून आठपर्यंत घरी यायची. चौथ्या दिवशी लायब्ररी लवकर बंद झाली. कॉलेजजवळून, मालवीय नगरहून, मिळेल ती बस धरून सातलाच दारात पोचले. बहीण आईच्या मोबाइलवर कार्टून बघत होती आणि आई तिला वरणभात भरवत होती.

"हा चिऊचा, हा काऊचा. हा पप्पांचा."

"आई, पोट भरलं."

"आणि हा ताईचा? ताई बिचारी बसमध्ये उपाशी असंल. खा की गं तिच्यासाठी."

बहिणीने स्क्रीनवरची नजर न हलवता तोंड उघडलं. एक नाही, ताईचे चार घास गेले. मग तिला मी दिसले.

"घे, आली तुझी ताई!" ती आईला म्हणाली. "आता तिचं तिला दे."

आम्ही तिघी हसलो, पण मला नंतर जेवण गेलं नाही. तक्ता काढून बसले. खेळाचा रकाना चारही दिवस कोरा होता. तिला कारण विचारलं.

"कुणाबरोबर जाऊ? आई एकटीला सोडत नाही. आधी तू न्यायचीस ना."

झोपेचंही तसंच. आमची खोली एकच. माझा अभ्यासाचा दिवा विझेपर्यंत ती जागी, आणि सकाळी सहाला शाळेसाठी उठायची. मी तिच्याबद्दल लिहीत होते आणि प्रत्येक रकान्यात मीच सापडत होते.

आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "माझंच चुकलं का गं?"

मूल पोट भरलं म्हणालं की थांबावं, हे मी वर्गात पाठ केलं होतं. आईला ते तोंडावर सांगवेना. शेवटी एवढंच म्हणाले, "आई, मला खरंच भूक लागते. माझे घास माझ्यासाठी ठेवत जा."

दुसऱ्या दिवशी लायब्ररी सोडून सहाला घरी आले. ऊन उतरल्यावर आम्ही दोघी खाली लंगडी खेळलो. दुसऱ्याच डावात मी दम लागून पायरीवर बसले.

"हो गया? ताई, तू तुझंच वजन लिही त्यात!"

आता अभ्यासाला मी स्वयंपाकघरात बसू लागले. पुढच्या आठवड्यात एकदा तिने रिकामा डबा माझ्या कानाशी खडखडवला. वजनाचा रकाना मी शेवटपर्यंत भरला नाही. मॅडमनी गुण कापले. ते बरोबरच होतं.

त्या दिवशी जेवताना आईने सवयीने घास उचलला. "हा ताईचा," म्हणाली आणि थबकली. मग हात वळवून तो माझ्या तोंडाशी आणला.

"आणि माझं पोट भरलं," बहीण म्हणाली.

आईने तिच्या ताटातल्या उरलेल्या भाताकडे एकदा पाहिलं. मग त्यावर झाकण ठेवलं.