दादाची जीप सुरू होईना...

दारव्ह्याच्या बाजाराचा आदला दिवस होता, आणि आमच्या अंगणात दादाची जीप उभी होती. सुरू व्हायचं नाव घेत नव्हती. सेल्फ मारला की बॉनेटखालून नुसता ‘टक’ असा आवाज यायचा आणि पुढे शांतता...

गोष्ट जुनी आहे, कापसाच्या त्या वाईट वर्षांमधली. तेव्हा आमच्या दिग्रसकडच्या खेड्यात पीक कसं आहे हे कोणी कोणाला विचारत नसे. विचारून पुढे बोलायचं काय, हा प्रश्न होता.

दादाने शेतीचा नाद सोडला होता. बाबांनी बैलजोडी विकली आणि त्यातून एक जुनी जीप घेतली, दारव्ह्याच्या सवाऱ्या मारायला. जीपचं इंजिन पहिल्याच महिन्यात बसलं. मग यवतमाळच्या भंगारवाल्याकडून दुसरं इंजिन आणलं. त्याने ते जमिनीवर ठेवून, बॅटरी लावून चालवून दाखवलं होतं, म्हणजे इंजिन चांगलं होतं यात शंका नव्हती.

दादाने काही वर्षं दिग्रसला गॅरेजमध्ये काम केलेलं. निंबाच्या झाडाला चेन-पुली बांधून त्याने स्वतःच ते बसवलं. आणि ते आमच्याकडे येऊन मुकं झालं.

सुरतेहून त्याचा मित्र सारखा बोलावत होता. दादाने घरात स्पष्ट सांगितलं होतं, या बाजाराला जीप स्टँडवर लागली तर राहीन, नाहीतर दुसऱ्याच दिवशी सुरतेची गाडी धरतो. तेव्हापासून आई भाजीत मीठ घालायला विसरत होती आणि बाबा तसंच जेवत होते.

मी दिवाळीसाठी कॉलेजच्या होस्टेलवरून आले होते. गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण दादाला सुरतेला जाऊ द्यायचं नाही एवढं पक्कं ठरवलं होतं. दादा चिडका आणि मी त्याच्यावर दोन बोटं जास्त. म्हटलं, तू सांग, मी पकडते.

बॅटरी पाहिली... हेडलाइट लख्ख. सेल्फ काढून, साफ करून, परत बसवला. बाहेर काढल्यावर तो नीट फिरत होता! डिझेलच्या लाइनीतली हवा काढली. परत ‘टक’.

परतीच्या पावसाने अंगणातल्या काळ्या मातीचं लोणी झालेलं, चाकं रुतलेली, त्यामुळे धक्का मारायचीही सोय नाही. शेजारचे काका म्हणाले, बैलं लावून ओढू. दादा म्हणाला, “अन् उद्या स्टँडवर कोन ओढन, काका? सवारी बसली का सेल्फनंच चालू झाली पाह्यजे.”

दुपार कलली. दादाने पाना खाली टाकला आणि हात धुवायला निघाला. ते हात धुणं मला अजिबात आवडलं नाही... मी तशीच सीटवर चढून सेल्फ मारत बसले. बॅटरी उतरेल म्हणून तो ओरडला, तरी मारला. मग खाली उतरून बॉनेटमध्ये वाकले आणि आधाराला म्हणून एक्सिलरेटरची केबल धरली.

हात भाजला!

“दादा, हे काहून गरम झाली? इंजिन तं चालूच नाई झालं.”

दादा ओल्या हातानेच पळत आला. केबलला बोट लावलं, आणि त्याचा चेहराच बदलला. करंटला परत जायला नीट वाट मिळत नव्हती, म्हणून तो या बारीकशा केबलीतून जात होता. बॉडीवरून इंजिनाला येणारी अर्थची जाड वायर त्याने तपासली. वायर धड होती, बोल्ट घट्ट होता. पण त्याखाली लोखंडावर निळा रंग होता, आणि रंगातून करंट जात नाही.

आता हा रंग कुठून आला ते सांगते. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा ऑइल पेंट बाबांनी सवयीने आणला होता, आणि पोळ्याच्या आधीच बैल गेले. डबा तसाच राहिला. दसऱ्याला नवीन इंजिन पूजेला ठेवलं, तेव्हा बाबांनी ते आधी धुतलं आणि दिवसभर बसून रंगवलं. दोन हात! एक कोपरा सोडला नाही. वर कुंकू, नारळ. नंतर दादाने ते तसंच्या तसं बसवलं.

बाबा ओसरीवरून बघत होते. दादाच्या हातात पॉलिश पेपर होता, पण हात पुढे जाईना. दसऱ्याला मी घरी आले होते, आणि बैल गेल्यानंतर त्या रंगवण्याच्या एकाच दिवशी मी बाबांना गुणगुणताना ऐकलं होतं.

“कायले थांबला?” बाबा म्हणाले.

“बाबा, इथला रंग खरडा लागते...”

बाबा उठले, जवळ आले. “मंग खरड न. शिंगाचा रंग तरी वर्षभर राह्यते का?” आणि दादाच्या हातातून कागद घेऊन त्यांनी स्वतःच घासायला सुरुवात केली. लोखंड चमकेपर्यंत घासलं. मी बाजूला तोंड करून रडून घेतलं.

वायर परत बसवली, बोल्ट आवळला. दादाने सेल्फ मारला... आणि जीप अशी काही गरजली की कोंबड्या कुंपणाबाहेर! सरपणातली पऱ्हाटी आणून चाकांखाली घातली, कापसाच्या त्या वाळक्या झाडांवरून गाडी रस्त्याला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारव्ह्याच्या स्टँडवर नंबरात उभा होता.

त्या दिवाळीला गावातल्या कितीतरी घरांमधले मुलगे बाहेर होते. आमच्या घरी मात्र आम्ही चौघं एका पंगतीत जेवलो. आईची भाजी जरा खारटच झाली होती, पण बाबांनी ती दोनदा मागून घेतली.

आजही रस्त्यात कोणाची गाडी सुरू होत नसेल तर माझा पाय पुढे निघत नाही. ती सुरू होईपर्यंत मी थांबते... त्या गाडीवर घरात कोणाचं काय अडलंय, काय सांगावं.