क्रेनचं मागचं चाक

फर्निचरच्या गोदामात त्याला सगळे क्रेन म्हणत. तीनदारी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? तो लहानपणापासूनच अंगाने दांडगा. वर्गात शेवटच्या बाकावर, फोटोत शेवटच्या रांगेत. कुणाकडे गेला की घरची बाई आधी प्लास्टिकची खुर्ची उचलून आत न्यायची आणि लाकडी पुढे करायची. तो हसून घ्यायचा. त्याची बायको मात्र हसत नसे. "अहो, आपण खालीच बसू," असं म्हणून ती खरंच फतकल मारून जमिनीवर बसायची, आणि मग घरच्यांनाही लाजेकाजेस्तव खाली बसावं लागायचं.

या बायकोला एका सकाळी चहा गाळता गाळता पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळाने हात टेकले आणि तिला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवलं. कालव्याकाठचा कच्चा रस्ता, मग चढ, मग ती बैठी पिवळी इमारत. भेटायची वेळ संध्याकाळची. वेळ संपली की फाटकाला कुलूप. तिकडे जाणारी बस कधीच बंद पडली होती, म्हणून क्रेनने जिन्याखालची जुनी सायकल बाहेर काढली.

गोदाम सुटलं की तो तडक निघायचा. तिचा डावा हात हातात घेऊन दिवसभराचं सांगायचा. कुठला सोफा दारातून जाईना, कुणाच्या पायावर टेबल पडलं. ती छताकडे बघत राहायची.

"बोलत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "कधीकधी वाचा परत येते. कधी येत नाही."

तो बोलत राहिला. उभ्या संसारात तो इतका कधी बोलला नव्हता. बोलायचं काम तिचं, हुंकार भरायचं याचं, अशी घरातली वाटणी होती.

सायकलला मात्र हे रोजचं ओझं झेपेना. मागच्या चाकाच्या तारा तुटायला लागल्या. एक बदलली की दुसरी जायची, चाकाला आउट यायचा, ते डुगडुगत ब्रेकला घासायचं. शेवटी तो बाजारातल्या मोठ्या दुकानात गेला.

"रिमच बदला," दुकानदार म्हणाला. "वजन किती तुमचं?"

मागे दोन मुली हेल्मेट घालून बघत होत्या. त्यांनी वळून पाहिलं. क्रेनने जो आकडा सांगितला तो त्याच्या लग्नाच्या वेळचा होता. दुकानदाराने त्याला एकदा नखशिखांत न्याहाळलं, पण गिऱ्हाइकाशी हुज्जत कोण घालणार?

"मग ही घ्या. हलकी आहे. छान पळेल."

काही आठवडे चंदेरी रिमची सायकल खरोखरच छान पळाली. मग एका संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यावर चाक खड्ड्यात गेलं आणि लाकूड मोडावं तसा आवाज झाला. रिम तारांच्या भोकांपाशी चिरली होती, चाक पार दुमडलं होतं. क्रेनने सायकल खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. थोडं पळूनही पाहिलं, पण चढावर छातीचा भाता झाला. पोचला तेव्हा फाटक बंद होतं. पहारेकऱ्याला दया आली. त्याने आत निरोप धाडला. नर्स जवळजवळ धावतच आली.

"कुठे होतात तुम्ही? आज बोलल्या त्या!"

"काय? काय बोलली?"

"'अहो' म्हणाल्या. अगदी स्पष्ट, दाराकडे बघून. मी म्हटलं, येतीलच एवढ्यात. थोड्या वेळाने परत म्हणाल्या, 'अहो'. मग डोळा लागला त्यांचा."

"मी आत येतो. नुसता बघतो आणि जातो."

"झोपल्यात आता, आणि बाकीचेही झोपलेत. उद्या या ना. आता रोज बोलतील बघा."

दुसऱ्या दिवशी तो एकाची सायकल उसनी घेऊन गेला. ती बोलली नाही. त्यानंतरही नाही.

उसन्यावर किती दिवस निघणार? गोदामातल्या एकाने त्याला अग्निशमन केंद्रामागच्या एका बाईकडे पाठवलं. ती हाताने चाकं बांधून द्यायची. तिच्या तोंडाला लागायला लोक घाबरत.

"वजन?" तिने मान वर न करता विचारलं.

या वेळी क्रेनने खरा आकडा सांगितला, तोही कुणावर तरी ओरडावं इतक्या मोठ्याने. तिने चिरलेल्या रिमवरून अंगठा फिरवला.

"रिम वाईट नाही ही. हलक्या माणसाची आहे, एवढंच. दुकानात वजन सांगितलं नव्हतंत?"

त्याने खिशातून पैसे काढून मोजायला घेतले.

"ही बघा," तिने दुसरी पुढे केली. "त्या चाकात पत्रा एकपदरी होता. हिच्यात दोन पदर आहेत, मधे पोकळ, पेटीसारखे. सहजासहजी वाकत नाही. रुंदही आहे, म्हणजे जाड टायर बसेल. खड्डा टायरने सोसायचा, रिमने नाही. आणि तारा छत्तीस घालू. मागच्याच चाकावर सगळा भार असतो, तो जितका वाटला जाईल तितका बरा."

"लोखंडी नको? ती दणकट असते ना?"

"ओली झाली की ब्रेक धरत नाही, आणि एकदा वाकली की सरळ होताना जीव खाते. हीच घ्या. जरा जड पडेल. पण हे चाक तुम्हाला पुरून उरेल."

तिला वाटलं तो हसेल. तो तिच्या हाताकडे बघत होता.

त्या चाकाने कधी कुरकुर केली नाही. क्रेन फाटक उघडायच्या आधीच येऊन उभा राहायचा. हळूहळू बायकोची नजर छतावरून खाली आली आणि दारावर ठरली. तो शेजारी बसलेला असला तरी ती दाराकडेच बघायची. एकदा तो उठला, बाहेर गेला, आणि दारातून परत आत आला.

"आलो गं मी. हा बघ, आलो."

तिची नजर त्याच्या अंगावरून गेली आणि परत दारावर जाऊन थांबली. तो पुन्हा बाहेर जाऊन आत आला. आणखी एकदा. पलीकडच्या खाटेवरच्या आजींच्या सुनेने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या दिवशी त्याने बायकोला सांगून टाकलं. "दुकानात वजन खोटं सांगितलं मी. दोन पोरी बघत होत्या, त्यांची लाज वाटली. तुझ्या जागी मी असतो ना, तर तू तराजूच मागवला असतास."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलं आणि नर्सला हाक मारली. नर्स म्हणाली, "डोळे आता आपोआपच वाहतात त्यांचे. मनाला लावून घेऊ नका."

थंडीत एका पहाटे फोन आला. तो सायकलवरूनच गेला. पोचेपर्यंत नर्सने तिचे केस विंचरून ठेवले होते.

त्याची बहीण आली, थोडे दिवस राहिली. "माझ्याकडे चल, भाऊ," म्हणाली. तो नको म्हणाला. ती गेल्यावर त्याने सायकल शेजाऱ्याला देऊन टाकली आणि कामावर चालत जाऊ लागला.

वर्षभरात तो निम्मा झाला. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखे अंगावर लोंबायचे. गोदामात नव्याने आलेल्या हिशेबनीसबाई एकदा कौतुकाने म्हणाल्या, "केवढे बारीक झालात! काय करता, आम्हालाही सांगा की."

"काही नाही हो," क्रेन म्हणाला. "एकट्यापुरतं रांधायला होत नाही."

तो वाकला, कपाटाखाली पट्टा सरकवला, आणि दुसरी बाजू धरायला कुणाला तरी हाक मारली.