झापडीला बांधलेला धागा

चेंदणी कोळीवाड्यातला नामा होड्या बांधायचा. खाडीतले मासे मरू लागले, तशा होड्या मागणारेही आटले. चाळिशी उलटल्यावर त्याला कळलं, की तरंगणाऱ्या लाकडापेक्षा भिंतीत बसवलेल्या लाकडाला मान जास्त. मग तो खोपटला जगनशेठच्या कारखान्यात दारांच्या चौकटी करू लागला. बायकोचा, शेवंतीचा, एकुलता भाऊ मारुती रिकामाच फिरत होता. त्यालाही नामानेच तिथे चिकटवलं. शेवंती म्हणाली, "तुमच्या हाताखाली हाय ना, मग मला घोर नाय." घोर अर्थातच नामाकडे आला.

जगनशेठने भातखाचरं बिल्डरला दिली होती. खाचरं गेली, हुकूम सोडायची सवय राहिली. त्र्याण्णव साली त्याने जपानी सरकती करवत आणली. तिचं पातं दांड्यांवरून पुढेमागे सरके, हव्या त्या कोनात वळे. नामाने ती टेबलाला बोल्टांनी आवळली, लांब लाकडासाठी दोन्ही बाजूंना तिच्याच पातळीचे आधार ठोकले, प्लग काढून ठेवून गुण्या लावून पातं काटकोनात आहे का ते तपासलं. पात्यावर प्लॅस्टिकची झापड होती. पातं लाकडात उतरलं की ती वर सरके, पातं उचललं की पुन्हा झाकून घेई. सबंध कारखान्यात न सांगता काम करणारी तेवढीच.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. हळदकुंकू थेट पात्याला लागलं पाहिजे, म्हणून जगनशेठने झापड वर केली. ती वर राहीना म्हणून लाल-पिवळ्या धाग्याने वरच बांधून टाकली. झेंडू लावला, नारळ फोडला. दसऱ्यानंतर काम सुरू झालं. धागा तसाच.

"शेठ, आता सोडू का?"

"देवाचं बांधलेलं सोडतात काय रे? होडीच्या पुढच्या नाळेवरचा हार तू काढतोस काय, नारळी पुनवेनंतर?"

नामा काढत नसे. वाऱ्यापाण्याने आपोआप जाईल तेव्हा जाई. पण कारखान्यात ना वारा, ना पाणी. जेवणाच्या सुट्टीत त्याने पटाशीने धागा कापला. झापड खाली आली.

जगनशेठने आधी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, मग दुसरा नारळ आणवला आणि झापड पुन्हा वर बांधली. "यापुढं मशीनला हात लावू नको. मारुती, तू उभा राहा."

नामाने घरी मारुतीला बसवलं. "लाकूड मागच्या पट्टीला टेकव, शिकंज्यात आवळ. हात वीतभर लांब. पातं आधी आपल्याकडं ओढायचं, मग चालू करायचं. पुरा वेग धरला की खाली दाबायचं आणि पुढं ढकलत कापायचं. कापताना ओढलंस, तर अंगावर येईल."

"दाजी, करवत हाय, वाघ नाय."

"आणि बटण सोडलं की पातं थांबेपर्यंत वर उचलू नको. तुकडा तिथंच राहू दे. झापड बांधलेली हाय."

"तुम्ही होडीत तरी बसता कसे, एवढे भित्रे?" मारुती म्हणाला. शेवंती हसली. घरात शेवटचं.

दिवाळीच्या तोंडावर मारुतीने बटण सोडलं, फिरतं पातं वर उचललं आणि कापलेला तुकडा उचलायला हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. नामा पलीकडे रंधा मारत होता. त्याने प्लग उपटला, मारुतीचा हात गमछ्यात गुंडाळला. झापड वर, धाग्यात, सुखरूप होती.

सरकारी इस्पितळाच्या पायरीवर त्याने शेवंतीला झापडीचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "धागा कशाला तोडला तुम्ही?"

धागा तोडल्यानेच बोटं गेली, हे कोळीवाड्यालाही पटलं. जगनशेठला तर कुणी पटवायचीही गरज नव्हती. मारुतीला त्याने मोजमाप घ्यायच्या कामावर ठेवलं; करवतीला हात लावायला दुसरं कुणी धजेना, म्हणून नामाला पुन्हा तिच्यावर उभं केलं. नामा वीतभर लांब हात ठेवून उघड्या पात्याखाली लाकूड कापत राहिला. घरी शेवंती ताट वाढायची आणि भिंतीकडे बघायची.

पुढच्या खंडेनवमीला जगनशेठने धागा बांधायचा मान मारुतीला दिला. मारुतीने झापड वर केली, धाग्याचे वेढे घेतले. पण उरलेल्या बोटांना गाठ आवळेना. पूजेला आलेली शेवंती नारळाचं ताट धरून समोर उभी होती.

"दाजी," मारुती म्हणाला, "जरा बोट ठेवा इथं."

नामाने बोट ठेवलं.